मांद्रेकरांकडे अर्थ बाहेर ठेवावा लागतो

मीरा-भाईंदरमधील तमाम सुजाण नागरिकांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, दर रविवारी संध्याकाळी, गोडदेव गावाच्या पाठीमागे असलेल्या आमच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर मराठी भाषा बंद ठेवण्यात येते. हिंदी, गुजराती व इंग्रजीचीही सोय नाही. ज्यांना काही सांगायचे असेल त्यांनी ते जिन्यातच सांगून घ्यावे. डाव्या हाताच्या दाराबाहेर चपलांचे एक कपाट आहे. त्यात आधी चपला ठेवाव्यात, मग अर्थ ठेवावा आणि त्यानंतरच बेल वाजवावी. हुकमावरून.

हुकूम अच्युत मांद्रेकरांचा. मी तो चेष्टेवारी नेला आणि पहिल्याच रविवारी दारात अडकलो. दार उघडल्यावर माणूस जे म्हणतो तेच मी म्हणालो, "नमस्कार मांद्रेकर, काय चाललंय?"

त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "वैद्य, तुम्ही अर्थासकट आलात. बाहेर ठेवून या."

दार बंद. मी कपाटापाशी उभा. चपला ठेवून झाल्या होत्या, आता अर्थ कुठून काढायचा? पन्नाशी उलटलेला, कंपनीत खरेदी खातं सांभाळणारा, समोरच्या पार्टीला घाम फोडणारा मी, शेवटी खिशातला रुमाल काढला, घडी घालून चपलांवर ठेवला आणि पुन्हा बेल वाजवली. दार उघडलं. मी गप्प राहिलो.

"आता कसं," मांद्रेकर म्हणाले. "या आत."

तो रुमाल जाताना कपाटात नव्हता. अर्थालाही गिऱ्हाईक असतं म्हणायचं.

मांद्रेकर हे कोर्टातले निवृत्त दुभाषी. मूळचे वेंगुर्ल्याकडचे, वाढले लालबागच्या चाळीत, स्थिरावले भाईंदरला. मराठी, मालवणी, कोकणी, गुजराती, हिंदी, कानडी, इंग्रजी, सगळ्या भाषा एकाच डब्यातल्या लाडवांसारख्या हाताशी. साक्षीदार त्याच्या भाषेत बोलणार, मांद्रेकर ते न्यायाधीशांना सांगणार, आणि उलट. मध्ये पदरचं काही घालायचं नाही. एकदा म्हणे एका साक्षीदाराने समोरच्या वकिलाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. हातवारे करून, थुंकी उडवून, श्वास न घेता. तो दमून थांबल्यावर मांद्रेकरांनी चष्मा सारखा केला आणि सांगितलं, "साक्षीदार वकीलसाहेबांशी सहमत नाही."

नोकरी संपली, पण सवय राहिली. आमच्या कोपऱ्यावरचा भाजीवाला म्हणतो, "एकदम ताज़ा है साहब." मांद्रेकर माझ्याकडे वळून कोर्टातल्या आवाजात सांगतात, "साक्षीदाराचं म्हणणं, कालची आहे." माझी बायको एकदा त्यांना लिफ्टमध्ये म्हणाली, "कधीही या हं आमच्याकडे जेवायला." मांद्रेकर मला म्हणाले, "म्हणजे आज नको." तिच्यासमोर! तेव्हापासून ती त्यांना बोलावताना वार, वेळ आणि भाजी सांगते.

"उभं आयुष्य मी अर्थाची हमाली केली, वैद्य," ते म्हणतात. "या तोंडातून उचलायचा, त्या कानात टाकायचा. पाठ वाकली माझी."

हे नाटकाचं खूळ आलं कुठून, तेही सांगतो. निवृत्तीनंतर मांद्रेकर आणि निर्मलावहिनी मुलीकडे जर्मनीला गेले होते. मुलीने एका संध्याकाळी त्यांना चेंबर म्युझिक थिएटर दाखवायला नेलं. दिवाणखान्याएवढी जागा, थोडीशीच माणसं, चार कलाकार. एकजण चेलो वाजवतोय, एक बाई गातेय, दोघं बोलतायत. मांद्रेकरांनी सवयीने कान टवकारले. जर्मन नाही. इंग्रजी नाही. शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं, ही भाषा कुठली? तो आनंदाने म्हणाला, कुठलीच नाही.

"मला घाम फुटला, वैद्य. समोर माणूस बोलतोय आणि मी बेकार! आणि आमची ही? ही पदर तोंडाला लावून हसतेय. म्हटलं, तुला काय कळलं? तर म्हणते, अहो, त्या बाईने नवऱ्याला बाजारात पाठवलं होतं, तो भलतंच घेऊन आलाय. बाहेर पडल्यावर मी मुलीकडून माहितीपत्रक वाचून घेतलं. त्यात लिहिलं होतं..."

इथे मांद्रेकर नेहमी थांबतात. मीही नेहमी विचारतो, "काय लिहिलं होतं?"

"काही नाही. कलाकारांची नावं."

आता वहिनींबद्दल. वहिनी म्हणजे बोलणं. चौक गावाहून एक कोळीण मासे घेऊन आमच्या गेटशी बसते. वहिनींची आणि तिची भावावरून जुंपली की गॅलऱ्या भरत. कोळीण ओरडायची, "जा बाय, तुला न्हाय देयाचं!" आणि वहिनी पिशवी पुढे करत म्हणायच्या, "दे गो, तुझ्याशी भांडल्याशिवाय मला मासा लागत नाही." दोघी हसायच्या. बाजारभाव काहीही असो, त्या दोघींचा भाव ठरलेला होता.

जर्मनीहून परतल्यावर वर्षभरात वहिनींना अर्धांगाचा झटका आला. हातपाय पुष्कळ सुधारले. शब्द मात्र शिवणाच्या डब्यातल्या बटणांसारखे सांडून गेले. हवं असायचं पाणी आणि तोंडातून यायचं "खिडकी". चुकलं हे त्यांना लगेच कळायचं. मग दुसरा शब्द शोधायच्या, तो निघायचा "मंगळवार". समाचाराला येणारे लोक मदत करत. म्हणजे कोणी मोठ्याने बोले, जणू त्यांना ऐकू येत नाही. कोणी उगाच हिंदीत बोले. आणि मी? मी पर्याय देत असे. "पाणी? चहा? पंखा? उत्तराच्या जवळ आलोय का वहिनी?" एक दिवस वहिनी उठून आतल्या खोलीत गेल्या. त्यानंतर घरात बाहेरचं माणूस आलं की त्या बाहेर येईनाशा झाल्या. कोळीण गेटशी विचारते, "बाय कुठं हाय?" मांद्रेकर मासे घेतात, उत्तर देत नाहीत. दुभाष्याकडे उत्तर नसलेला तेवढा एकच प्रश्न.

आणि अशात यांनी नाटक काढलं. बायको घरात आजारी, आणि याला नाटकं सुचतायत, असं लोक म्हणायला लागले. लोक म्हणजे मुख्यतः मी.

सोसायटीचे सेक्रेटरी हसमुखभाई. त्यांना मांद्रेकरांनी रीतसर सांगितलं की घरात चेंबर म्युझिक सुरू करतोय. आमच्याकडे चेंबर एकच, गेटजवळचं, आणि ते तुंबतं. हसमुखभाई प्लंबर घेऊन आले. प्लंबरने पहिली तालीम पूर्ण पाहिली. जाताना म्हणाला, "इधर तो कुछ अटका हुआ नहीं है." मांद्रेकरांना आजवर मिळालेली ही पहिली दाद.

मंडळी तीन. मांद्रेकर बुलबुल तरंग वाजवतात, ते टाइपरायटरसारखी बटणं असलेलं तंतुवाद्य. दुसऱ्या मंगलताई कांबळे. परभणीकडच्या, विम्याच्या कचेरीत नोकरी, आणि विहारात जयंतीला त्या पेटी काढून गायला बसल्या की शेजारच्या दोन इमारती टीव्ही बंद करतात. तिसरा मी.

माझी निवड कशी झाली, याबद्दल माझा गैरसमज होता. आमच्या सोसायटीत सूत्रसंचालन म्हणजे मी. गणपती, हळदीकुंकू, झेंडावंदन. सीसीटीव्ही बसवले तेव्हाही उद्घाटनाचं भाषण मी केलं. कॅमेरे चालू करून केलं. ते रेकॉर्डिंग अजून आहे आणि ते उघडून पाहायची वेळ येऊ नये म्हणून आमच्याकडे चोरी होत नाही, असं मंगलताई म्हणतात. तर, एवढा वक्ता घेतलाय म्हणजे भूमिका तशीच असणार, या तयारीने मी गेलो.

"तुमचा शब्द आहे, 'परंतु'," मांद्रेकर म्हणाले.

"परंतु काय?"

"परंतु. तेवढंच."

"आणि नंतर?"

"नंतरही परंतु. तुमचा भाग मोठा आहे, सतत आहे."

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती कणीक मळत होती. हात थांबले. "पूर्ण नाटकात एकच शब्द?"

"एकच."

"मी त्यांना पेढे नेऊन देते," ती म्हणाली आणि खरंच नेऊन दिले.

नाटकाची गोष्ट विचाराल तर चार माणसं संध्याकाळी चहाला बसतात. संपली. कोणी पोहे वाढतो, कोणी रुसतो, कोणाला उशीर झालेला असतो. पण ज्याला जो शब्द मिळालाय तोच त्याने वापरायचा. मंगलताईंना "पायरी" मिळाला होता. "पायरी" या शब्दावर त्या भूप आळवायच्या तेव्हा मला खरोखर पायऱ्या चढून देवळात गेल्यासारखं वाटायचं. मांद्रेकर स्वतः कुठलाही शब्द घेत. मालक होते.

"सूर खरा ठेवा. शब्द मग काही का असेना," हे त्यांचं पालुपद. तालमीत ते मला समोर बसवत. "साखर मागा."

"परंतु?"

"ही तुम्ही साखर नाही, रजा मागताय."

"परंतुऽऽ."

"आता आमच्या मुलीला मागणी घालताय. वैद्य, साखर! एक चमचा! तोंडात अर्थ घोळवू नका, गिळून टाका तो."

मंगलताईंनी मला मीठ दिलं. "भाऊ, तुम्ही मीठच मागितलं की. मला तर साफ ऐकू आलं."

हळूहळू जमायला लागलं. इतकं जमलं की एकदा घोडबंदरला साडूकडे जायचं होतं आणि रिक्षावाला मान हलवत होता. मी वाकून, तालमीतल्या सुरात, अगदी मनापासून म्हणालो, "परंतु..." त्याने माझ्याकडे पाहिलं, सुस्कारा टाकला आणि म्हणाला, "बैठो अंकल." आयुष्यभर केलेल्या भाषणांनी जे झालं नाही ते एका अव्ययाने झालं. हे मी घरी सांगितलं नाही.

अडचण एकच होती. चहाला माणसं चार आणि आम्ही तिघं. मी माणसं आणायला लागलो. एक निवृत्त प्राध्यापक आणले, त्यांनी नाटकाचा आशय विचारला. योगासनांचे मास्तर आणले, त्यांचा उच्चार इतका शुद्ध की खिडकीच्या काचा पुसल्यासारख्या वाटाव्यात. मांद्रेकर प्रत्येकाला चहा पाजत आणि निरोप देत.

"हे फार व्यवस्थित बोलतात. जमायचं नाही."

"मग तुम्हाला हवाय कसा माणूस?" मी वैतागलो.

"मिळेल," ते म्हणाले आणि बुलबुल तरंगाच्या तारा पुसत बसले.

मंगलताईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी बाई काचेच्या दारावर आपटलेल्या पाहुण्याकडे बघते. मला काही कळलं नाही. कळण्याचं खातं मी बाहेर कपाटात ठेवून येत होतो ना.

मग हसमुखभाई आले. यावेळी प्लंबर नव्हता. "मांद्रेकर साहेब, बुरा मत मानना. नीचेवाले बोलते हैं की हर संडे को वैद्यभाई 'परंतु परंतु' चिल्लाते हैं. छोकरे पूछते हैं, अंकल को क्या तकलीफ है? एक काम करो. एक बार सबको दिखा दो. पब्लिकला आवडलं तो चालू रखो. नहीं तो बंद, बस."

एरवी मांद्रेकरांनी याचा तिथल्या तिथे अनुवाद केला असता. त्या दिवशी ते नुसतं "बरं" म्हणाले आणि त्यांचा चेहरा उतरला. एका बिनअर्थाच्या नाटकासाठी माणूस इतका का घाबरतो, हे मला उमजेना.

उमजलं ते पुढच्या आठवड्यात. घरी करमेना म्हणून मी तालमीला दुपारीच गेलो. दार नुसतं लोटलेलं. आतून भांडण ऐकू आलं. जोरदार, रंगात आलेलं, नवराबायकोचं.

"खिडकी! खिडकी मंगळवार?" हा वहिनींचा आवाज. कितीतरी दिवसांनी ऐकला.

"मंगळवार, मंगळवार," मांद्रेकर, गयावया करत.

"खिडकीऽऽ!"

"बरं बाई, खिडकी."

आणि दोघं हसायला लागली. दूध उतू गेल्याचा करपट वास दारापर्यंत आला होता. भांडण कशावरून होतं हे चाळीस वर्षांच्या माणसालाही कळलं असतं आणि चार वर्षांच्या मुलालाही. मी मात्र नको तेव्हा खोकलो. आतलं हसणं थांबलं. आतल्या खोलीचा पडदा हलला, वहिनी गेल्या.

मांद्रेकर हात पुसत बाहेर आले. मला बसवलं. आणि त्यांनी पहिल्यांदाच कोर्टाचा आवाज बाजूला ठेवून सरळ मराठीत बोलायला सुरुवात केली.

"कोर्टात मी कोणाचंही बोलणं पोचवलं, वैद्य. खुन्याचं पोचवलं, मुक्यांच्या खाणाखुणांचं पोचवलं. हिचं पोचवता येईना. पाहुणे बसलेले, ही काहीतरी म्हणायची आणि माझ्याकडे बघायची, की आता तुम्ही सांगा. मी काय सांगणार? मी अंदाज करायचो. अंदाज चुकायचा. मग ती आत गेली. म्हटलं, हिला आपल्यासारखं बोलायला येणार नाही. तर आपण हिच्यासारखं बोलू. एक खोली तरी अशी असू दे जिथे हिचं काही चुकतच नाही."

"म्हणजे चौथी जागा..."

"हिची. तिने अजून हो म्हटलेलं नाही. पडद्यामागे बसून सगळ्या तालमी ऐकते. तुमच्या 'परंतु'ला हसते. हे बंद पडलं तर ती त्या पडद्यामागेच राहील, वैद्य."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. माझ्याकडे एकच शब्द तयार होता आणि तो मी गिळला.

प्रयोगाच्या संध्याकाळी मांद्रेकरांचा हॉल भरला. सोफा बाहेर पॅसेजमध्ये काढला होता आणि गुडघ्यांमुळे हसमुखभाई त्यावरच बसले, उघड्या दारातून थेट रंगमंच दिसेल असे. बाकी मंडळी सतरंजीवर. समोसे आहेत ही बातमी मीच मुद्दाम पसरवली होती. रंगमंच म्हणून मांद्रेकरांनी जमिनीवर एक चादर अंथरली होती, पांढरी, कडेने मोराचं भरतकाम. आतल्या खोलीतल्या कपाटातून कोणालाही न विचारता काढलेली. चादरीवर चार कप. वहिनी पडद्याआड.

"येतायत का?" मी कुजबुजलो.

"बघू," मांद्रेकर म्हणाले आणि बुलबुल तरंगाची लागलेलीच तार पुन्हा लावू लागले.

मंगलताईंनी पेटी धरली, "पायरी" लावला. छान सुरुवात झाली. मी पहिला "परंतु" टाकला, अगदी मापात. माझी बायको खुदकन हसली. दुसरा टाकला. समोर कोणीतरी जांभई दिली. तिसऱ्याला एकाचा फोन वाजला आणि त्याने तो उचलून सांगितलं, "हां, नाटक में हूं. नहीं, अभी शुरू नहीं हुआ." पॅसेजमधून हसमुखभाईंनी घड्याळ पाहिलेलं मी पाहिलं. सगळं बुडणार, असं मला दिसायला लागलं. आणि संकट दिसलं की माझ्या आत जो सूत्रसंचालक राहतो तो उठून उभा राहतो. हातात चहाची किटली ठेवलेला ट्रे होता. मी ट्रेसकट प्रेक्षकांकडे वळलो.

"रसिकहो," मी म्हणालो, "या प्रयोगामागची भूमिका थोडक्यात विशद करणं मला इथे अगत्याचं..."

मांद्रेकरांनी तरंगावर असा तडाखा मारला की तार तुटली. मंगलताईंनी भाता पूर्ण उघडून "पायरीऽऽ" हा शब्द माझ्या कानाशी फोडला. मी दचकलो. किटली घरंगळली. सगळा चहा, आलं घातलेला, उकळता, मोराच्या चादरीवर.

चहा मोराच्या पिसाऱ्यापर्यंत सावकाश पोचला.

पडदा बाजूला झाला. वहिनी बाहेर आल्या. घरातल्या साडीत, केस अर्धेच विंचरलेले. त्यांनी चादरीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"मंगळवार!"

माझी सगळी भाषणं गेली. "परंतु..." मी म्हणालो. तालमीतला नव्हे, खराखुरा.

"खिडकी!" त्यांनी मध्येच तोडलं. आणि ट्रेमधून पडलेलं फडकं पायाने माझ्याकडे सरकवलं.

मी गुडघ्यांवर बसलो आणि पुसायला लागलो. त्यांनी दुसरा डाग दाखवला. "खिडकी. खिडकी."

"परंतु... परंतु..." मी काकुळतीने.

"खिडकी मंगळवार खिडकी! मंगळवार? मंगळवार खिडकी!" डावा हात कमरेवर, आवाज वर जात चाललेला. ही चादर त्यांनी स्वतः भरली होती, मुलीच्या लग्नासाठी राखलेली होती, तेव्हाही जीव झाला नाही म्हणून वापरली नव्हती, आणि आज हा बडबड्या माणूस... हे सगळं त्यात होतं. माझ्या आत जागा उरली नाही इतकं ते माझ्यापर्यंत पोचलं. मंगलताईंनी खाली हलका सूर धरला. सतरंजीवरची माणसं पोट धरून हसत होती. माझ्यावर. बायको तर भिंतीला टेकून डोळे पुसत होती. माझ्या कोणत्याही भाषणाला इतकी दाद मिळालेली नाही.

हसण्याच्या आवाजाने वहिनींनी मान वर केली. इतका वेळ त्यांना फक्त चादर आणि मी दिसत होतो. आता हॉलभर चेहरे दिसले. त्या थांबल्या. ओठ मिटले. हात पदराकडे गेला आणि पाऊल पडद्याकडे वळलं.

हसणं ओसरलं. मांद्रेकर उठले नाहीत, अडवलं नाही, काही समजावलंही नाही. तुटलेली तार बाजूला करून त्यांनी एक कोरडा राहिलेला कप पुढे सरकवला आणि हळूच विचारलं, "खिडकी?"

वहिनी तशाच उभ्या. मग त्यांनी त्या कपाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि चादरीचा कोरडा कोपरा शोधून बसल्या.

"मंगळवार," त्या म्हणाल्या. थोडं कुरकुरत.

मांद्रेकरांनी मान डोलावली आणि किटलीत तळाशी उरलेला घोटभर चहा कपात ओतला. साखर घातली नाही. वहिनींनी कप उचलला, एक घोट घेतला आणि माझ्याकडे बघून, सगळ्यांसमोर, नाक मुरडलं.

टाळी वाजवायची की नाही हे कोणाला कळेना. तेवढ्यात पॅसेजमधल्या सोफ्यावरून हसमुखभाई, गुडघे विसरून, उभेच राहिले आणि ओरडले, "मांद्रेकर साहेब, बाकी तुम लोग क्या बोल रहे थे, अपने को कुछ नहीं समझा! लेकिन भाभी बोली ना, एक-एक शब्द समझा!"